आधी दुपार तपास, मग नवरा

अगं, पैसाअडका, घर सगळं असूनही जीव रमत नाही, नवऱ्याला सोडू का, असं विचारतेस. ‘सगळं आहे, तरी काहीच नाही’ हे मीही मनात वर्षानुवर्षं घोळवलंय. लगेच बॅग भरू नकोस. आधी शोध, नवरा नकोसा झालाय की रिकामी दुपार? माझं निम्मं दुखणं दुपारचं निघालं. उरलेलं खरंच माझ्या नवऱ्यामुळे होतं. महिनाभर रोज दोन ओळी लिही, आज कशाने घुसमटलीस, एवढंच.

आणि कागद बघ! घर कुणाच्या नावावर, कर्जाला जामीन कोण, तुझ्या एकटीच्या खात्यात किती. मी न वाचता सह्या ठोकायचे (श्रीमंत बायकांचा खास आजार).

त्याच्याशी बोल, पण भांडणाच्या रात्री नको. समुपदेशकाकडे तो येत नसेल तर एकटी जा. मात्र तो हात उचलत असेल, तर हे सगळं राहू दे. आधी सुरक्षित जागी पोहोच.