लाओसच्या छुप्या युद्धाबद्दल परदेशी पत्रकारानं डोळ्यांनी पाहून लिहिलेलं कितपत खरं मानायचं?

तुम्ही विचारलंय की 1970 साली एक अमेरिकन पत्रकार सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संघटनेच्या लाओसमधल्या छुप्या तळावर चालत गेला आणि बातमी दिली, ती खरी मानायची की तोही कुणाचा तरी माणूस होता. खरी माना. माझ्याकडे याचं कारण घरातलं आहे, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्याचे. घरटी एक तरी माणूस फौजेत. माझे वडील, अण्णा, सिग्नल्समध्ये नायक होते आणि 1965 साली लाओसच्या राजधानीत, व्हिएंतियानला, आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाच्या वायरलेसवर होते. 1962 च्या जिनिव्हा करारानं लाओस तटस्थ ठरला, परक्या फौजांनी निघून जायचं ठरलं, आणि ते पाळलं जातंय का हे बघायला भारत, कॅनडा, पोलंड अशा तिघांचा हा आयोग. अध्यक्षपद आपल्याकडे.

पाळत कुणीच नव्हतं. अण्णा सांगायचे, वट्टाय विमानतळावर एअर अमेरिकेची विमानं रोज उत्तरेकडे जायची. ही कंपनी सीआयएचीच, हे तिथल्या चहावाल्यालाही माहीत. पायलट गोरे, अंगावर साधे कपडे, कागदोपत्री माल म्हणजे तांदूळ. एकदा पोतं चढवताना हमालांच्या हातून निसटलं आणि सिमेंटवर आदळलं. "तांदळाचं पोतं पडलं तर बदकन आवाज येतो," अण्णा म्हणायचे, "ते खणकन वाजलं." हमालांनी इकडंतिकडं न बघता ते उचललं आणि आत टाकलं.

आयोगाला हे दिसत नव्हतं असं नाही. पण पाथेट लाओ, म्हणजे तिथले कम्युनिस्ट बंडखोर, आपल्या भागात पाऊल टाकू देत नव्हते, आणि अहवालावर अमेरिकेच्या गोटातला कॅनडा आणि कम्युनिस्ट गोटातला पोलंड यांचं जमणं मुश्कील. अण्णांच्या बोटाखालून ते सगळे संदेश गेले.

18 ऑक्टोबर 1965 ला आयोगाचं विमान व्हिएंतियानहून हनोईला निघालं. आत 13 माणसं, त्यांत आपलीही. ते पोहोचलंच नाही. अण्णांची पाळी रात्रीची होती. ते खोलीत गेले तर आधीच्या पाळीचा कुणी उठायलाच तयार नव्हता, एका हेडफोनला दोघं दोघं कान लावून बसलेले. अण्णांनी उजाडेपर्यंत हाका मारल्या. विमानाचा पत्ता आजतागायत लागलेला नाही.

आता माझं दुखणं. अण्णा पेन्शनवर गावी आले आणि पारावर कधी लाओसचं काढलं की माझे चुलते, तात्या, सगळ्यांदेखत म्हणायचे, "आरं, तू खोलीत बसून टकटक केलीस. तिथं लढाई हुती तर पेपरात का नाही आली?" तात्यांनी 65 ची लढाई बंदूक हातात घेऊन केली होती, छातीवर पदकं होती, त्यांच्यापुढं कोण बोलणार? अण्णांनी पुढं तो विषय काढणंच सोडलं. मला त्या वेळी अण्णांचीच लाज वाटली होती. याची बोच अजून आहे.

पुढं कॉलेजात असताना साताऱ्याच्या वाचनालयात मला त्या पत्रकाराची हकिगत सापडली. टी. डी. ऑलमन त्याचं नाव. फेब्रुवारी 1970 मध्ये पत्रकारांना साम थोंग हे दाखवण्यासारखं गाव दाखवायला नेलं होतं. तिथून तो आणि दोन पत्रकार डोंगरातून पायी लाँग तिएंगकडे निघाले. जनरल वांग पाओच्या ह्मोंग या डोंगरी जमातीच्या फौजेचा आणि सीआयएचा खरा तळ तो. ऑलमनला पकडेपर्यंत सुमारे दोन तास मिळाले. ते सगळं मी अण्णांना मराठीत करून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "इमानं किती मोजली त्यानं?" मी म्हटलं, मिनिटाला एक चढत किंवा उतरत होतं. अण्णा उठून माजघरात गेले आणि तात्यांना बोलावणं धाडलं. तात्या आले नाहीत.

म्हणून माझं मत असं, की बातमीदाराचा देश बघू नका, त्यानं काय मोजलं ते बघा. किती वेळ होता, कुठं उभा होता, काय दिसलं आणि काय ऐकीव, हे जो वेगळं सांगतो त्याचं धरा. बाकी सरकारी निवेदनांचं म्हणाल तर त्याच वर्षी 6 मार्चला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी लाओसमध्ये नेमलेला एकही अमेरिकन जमिनीवरच्या लढाईत मेला नाही असं जाहीर केलं, आणि काही दिवसांतच आदल्या वर्षी मेलेल्या एका कॅप्टनचं नाव छापून आलं.

एक मात्र खरं, दोन तासांत एकच बाजू दिसते. लाओसमधून दक्षिण व्हिएतनामकडे रसद नेणाऱ्या हो चि मिन्ह मार्गावरचे उत्तर व्हिएतनामचे हजारो सैनिक ऑलमनच्या वाटेत नव्हते, आणि करार त्यांनीही मोडलाच होता. ह्मोंगही निव्वळ भाडोत्री नव्हते, स्वतःचे डोंगर राखत होते. मे 1975 मध्ये वांग पाओला विमानानं बाहेर काढलं, त्याची बहुतेक माणसं मागं राहिली. वरून पडलेल्या बॉम्बचं तर त्या एका बातमीत कितीसं मावणार? 1964 ते 1973 मध्ये 20 लाख टनांहून जास्त. क्लस्टर बॉम्बमधले चेंडूएवढे गोळे, तिथं बॉम्बी म्हणतात, अजून शेतात कुदळीला लागतात.

तात्यांच्या मुलाला हे मी दोनदा सांगितलंय. तो अजून म्हणतो, जो आघाडीवर गेला त्यानंच युद्धावर बोलावं. मग विमानातली ती 13 माणसं कुठं गेली होती, एवढंच मी त्याला विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही.