ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) यूट्यूब चॅनेलवर टिळकांची भजनं गायली तर कॉपीराइटची अडचण येते का?

नाही, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं स्वतः पेटी-तबल्यावर गाऊन रविवारची उपासना बिनधास्त टाका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. टिळक 1919 साली वारले, म्हणजे तो केव्हाच संपला. मात्र अलीकडच्या संगीतकाराने बांधलेली चाल आणि कुणाचंही तयार रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे असतात. मागे विकतचा कराओके ट्रॅक वाजत असेल तर यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा तो ओळखू शकते. मग व्हिडिओवर ट्रॅकच्या मालकाचा दावा लागतो, कधी तो अडवलाही जातो. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा त्याच व्हिडिओवर उपासनेला बसतात, म्हणून ट्रॅक टाळाच. जुनी पारंपरिक चाल घ्या आणि वर्णनात टिळकांचं नाव जरूर लिहा.