केनियाचे ‘कॅबिनेट सेक्रेटरी’ : मंत्री की सचिव?

प्रश्न : केनियाचे मुसालिया मुदावादी यांच्यावरच्या मराठी मजकुरात ते आधी ‘अर्थमंत्री’ आणि 2022 नंतर ‘मंत्रिमंडळ सचिव’ असे दिसतात. नेता अधिकारी कसा झाला?

झाला नाही. ते तेव्हाही मंत्री होते, आताही मंत्रीच आहेत. बदलले ते पदाचे इंग्रजी नाव : ‘मिनिस्टर’चे ‘कॅबिनेट सेक्रेटरी’ झाले.

मुदावादींचे वडील मोझेस मुदावादी हे राष्ट्राध्यक्ष मोई यांच्या मंत्रिमंडळात होते. 1989 मध्ये ते वारले आणि सबातिया मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत मुलगा बिनविरोध खासदार झाला, लगोलग मंत्रीही. 1993 पासून अर्थ, मग कृषी, पुढे वाहतूक. 2002 च्या अखेरीस जेमतेम दोन महिने उपराष्ट्राध्यक्ष, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत खुद्द सबातियात पराभव. 2008 मध्ये उपपंतप्रधान व स्थानिक स्वराज्य मंत्री. इथपर्यंत मराठीत काहीच अडत नाही, कारण तोवर केनियात मंत्री खासदारांतूनच निवडले जात.

2010 च्या राज्यघटनेने ही रीत मोडली. कलम 152 नुसार मंत्रिमंडळात किमान 14 आणि कमाल 22 ‘कॅबिनेट सेक्रेटरी’ असतात. त्यांना खासदार राहता येत नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, नॅशनल असेंब्ली (संसदेचे कनिष्ठ सभागृह) मंजुरी देते, मग नेमणूक होते. 2013 च्या निवडणुकीनंतर हे अमलात आले. खाते चालवणारा, धोरणाची जबाबदारी घेणारा हा माणूस मराठीत मंत्रीच. अमेरिकेच्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ला आपण परराष्ट्रमंत्री म्हणतो, ब्रिटनच्या ‘होम सेक्रेटरी’ला गृहमंत्री, मग केनियालाच वेगळा न्याय का? केनियाच्या स्वाहिली भाषेतही या पदाला ‘वाझिरी’ म्हणतात, म्हणजे आपला वजीरच.

‘सचिव’ हा शब्द मुळात चुकीचा नाही. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मंत्री आणि सचिव दोघेही प्रधानच होते. पण आजच्या वाचकापुढे ‘सचिव’ म्हटले की सनदी अधिकारीच उभा राहतो, आणि ‘मंत्रिमंडळ सचिव’ तर दिल्लीतले सर्वोच्च सनदी पद. गोंधळ आणखी वाढतो तो असा, की केनियाच्या घटनेत ‘सेक्रेटरी टू द कॅबिनेट’ हे वेगळे पदही आहे (कलम 154). ‘मंत्रिमंडळ सचिव’ त्याच्यासाठी राखून ठेवावे. कलम 155 मधल्या ‘प्रिन्सिपल सेक्रेटरी’ला ‘प्रधान सचिव’ चपखल बसते.

खरी अडचण मुदावादींच्या 2022 मधल्या पदाची : ‘प्राइम कॅबिनेट सेक्रेटरी’. ‘मुख्य सचिव’ लिहिले तर मंत्रालयातले अधिकारी आठवतात. ‘पंतप्रधान’ तर साफ चूक; ते पद 2008 ते 2013 रायला ओडिंगांकडे होते आणि नव्या घटनेत ते नाही. हे नवे पदही घटनेत नाही, राष्ट्राध्यक्ष रुटो यांच्या आदेशातून आले आहे. स्वाहिली वृत्तपत्रे ‘म्कुऊ वा मावाझिरी’ लिहितात, म्हणजे मंत्र्यांचा प्रमुख. त्यावरून मी ‘प्रमुख कॅबिनेट मंत्री’ सुचवेन. ‘कॅबिनेट’ गाळू नका, नाहीतर घाईत वाचणारा ‘मुख्यमंत्री’ वाचेल. पहिल्या उल्लेखात मूळ नाव देवनागरीत शेजारी द्यावे.

हा नियम शेजारी देशांना सरसकट लावू नये. टांझानियात मंत्री खासदारांतूनच नेमले जातात आणि पदाचे इंग्रजी नावही ‘मिनिस्टर’च आहे, तिथे सरळ ‘खासदार व मंत्री’ लिहावे. केनियाच्या 2013 नंतरच्या मंत्र्यापुढे मात्र ‘खासदार’ लिहिले तर ती शब्दाची नव्हे, तथ्याची चूक ठरते.