शब्दभंडार नको, भांडवल घ्या (आणि त्यातला 'ल' बघा)

प्रश्न असा आलाय: "माझी आजी शाळेत असल्यापासून कानावर पडलेला प्रत्येक नवीन शब्द वहीत लिहून ठेवते. तिच्या पंचाहत्तरीला त्या वह्या टाइप करून बाइंड करून द्यायच्यात. कव्हरवर 'आजीचं शब्दभंडार' लिहू की शब्दसंग्रह? आणि या छंदाला मराठीत काही नेमका शब्द आहे का?"

आजींना आधी नमस्कार. आणि नातीला हात जोडून विनंती, की बाई, बाकी काहीही लिही पण ते शब्दभंडार नको. हल्ली जिथे बघावं तिथे हेच. क्लासच्या फ्लेक्सवर 'शब्दभंडार वाढवा', रीलमध्ये 'आजचा शब्द, आपलं भंडार', परवा तर शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुण्यांनी तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा माझ्या डोळ्यापुढे जेजुरी. अहो पुण्यात बसून भंडार म्हटलं की हळद आठवते हो, सोमवतीला गडावर उधळतात ती. शब्दांची हळद उधळायचीये का? हिंदीवाल्यांचं भंडार त्यांच्यापाशी चांगलंच आहे, आपल्याकडे या अर्थाला भांडार आहे, भां वर काना आणि अनुस्वार दोन्ही. लॉ कॉलेज रोडवर १९१७ पासून भांडारकरांच्या नावाची संस्था उभी आहे, तिला कुणी भंडारकर म्हणालं तर आपण दुरुस्त करतो ना?

शब्दसंग्रह बरोबर आहे. तिकिटांचा असतो तसा. पुढे.

खरी मजा भांडार कुठून आलं त्यात आहे, आणि त्याहून जास्त त्याच्या भावंडात. संस्कृतात भाण्ड म्हणजे भांडं हे तर झालंच, पण भाण्ड म्हणजे व्यापाऱ्याचा माल पण, आणि वाद्य पण, आणि घोड्याचा साज पण. थोडक्यात माणसाकडे असलेलं सामान. ते जिथे ठेवायचं ते भाण्डागार, त्याचं झालं भांडार. खोली. कुलूप. (भांडण मात्र या घरातलं नाही, 'भांड्याला भांडं लागायचंच' असं कितीही वेळा ऐकवलं तरी. ते भण्ड् धातूवरून, म्हणजे टोचून बोलणं, प्राकृतात भंडण म्हणजे कलह असा स्वच्छ शब्द आहे. भांड्यांवर उगाच आळ.)

आता भांडवल. यावर माझे एका निवृत्त सरांशी गेली कित्येक वर्षं वाद चालू आहेत, तेव्हा जरा सविस्तर सांगते, पंचाहत्तरी तोवर थांबेल. सरांचं म्हणणं भाण्ड अधिक मूल, म्हणजे व्यापाराचं मूळ. ऐकायला किती छान! पण मग तो शेवटचा 'ल' तिथे काय करतोय? संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत येताना ळ होतो. फल फळ, कुल कूळ, आणि खुद्द मूलचं मूळ. ल मराठीत ल च राहायचा असेल तर मधे प्राकृतात तो जोड असावा लागतो, ल्ल. तैल तेल्ल तेल. बिल्व बेल्ल बेल. चिक्खल्ल चिखल, जो सध्या आमच्या गल्लीत आहे. सगळ्यात सुंदर जोडी म्हणजे काळ आणि काल. वेळ या अर्थाचा संस्कृत काल, एकटा ल, म्हणून काळ. आणि कल्य, ज्याचं प्राकृतात कल्ल, म्हणून आपला कालचा दिवस तो काल. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पीएमटीत होते आणि आनंदाच्या भरात डेक्कनला उतरायचं विसरून पार पुढे गेले, तिकिटाच्या मागे काल-काळ लिहिलेलं होतं, ते तिकीट अजून आहे.

तर मूल्य. मूल्यचं मोल्ल, मोल्लचं मोल, ळ नाही ल. म्हणजे भाण्ड अधिक मूल्य, मधल्या म चा व झाला (ग्रामचं गाव, नामचं नाव, तसाच), आणि भांडवल. मूल असतं तर भांडवळ झालं असतं. आवळा बघा ना, आमलक, म चा व पण झाला आणि ल चा ळ पण. कोमलचं कोवळा, तेच. यावर सर दरवेळी गुजरातीतलं भंडोळ काढतात, त्यात ळ आहे म्हणून. असू दे की! गुजराती व्यापाऱ्याने मूळ धरलं असेल, मराठी माणसाने मोल धरलं. एका शेजाऱ्याच्या ळ साठी मी माझ्या घरातला ल सोडणार नाही, आणि 'पाठ्यपुस्तकात असंच आहे' हा पुरावा नव्हे, सर.

आणि अर्थही बघा. भांडार म्हणजे ठेवलेलं. भांडवल म्हणजे माल म्हणून बाजारात गेलेलं, ज्याचं मोल परत येतं. मंडईत आमची भाजीवाली पावसाळ्यात कोथिंबीर सडली की म्हणते, 'ताई, भांडवलसुद्धा निघालं नाही आज'. तेच ते भाण्डमूल्य, तिच्या पाटीतल्या जुड्यांचं. ('कशाचं तरी भांडवल करणे' या वर्तमानपत्री वापराने शब्दाची अब्रू घालवली, नाहीतर केवढा सज्जन शब्द.) आता कुणीतरी तुकोबांची शब्दांची रत्नं आणणारच. आणा, पण रत्न तिजोरीत बसतं, कोथिंबिरीची जुडी बसत नाही, रोज विकावी लागते.

शब्दांचं भांडार बघायचंच तर येरवड्याला डेक्कन कॉलेजात आहे. तिथे १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचं काम चालू आहे, सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या कोटीभर चिठ्ठ्या कपाटांत लावून ठेवल्यात. आजींनी मात्र शब्द नुसते कोंडले नसणार. ज्या बाईने ते वयाची पंचाहत्तर वर्षं होईपर्यंत उतरवले, तिने ते घरात, पोराटोरांवर, दूधवाल्यावर वापरले असणार. म्हणून कव्हरवर 'आजीचं शब्दभांडवल'. प्रूफ तपासताना ल बघ.

हां, छंदाला शब्द विचारला होतास. व्यासंग. यात व्यास ऋषी नाहीत, 'व्यासांचा संग' असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय ते सोडून दे. वि, आ आणि सञ्ज्, म्हणजे चिकटणं, आसक्तमधलं तेच. गंमत म्हणजे व्यासांचे नातेवाईक वेगळेच: व्यास आणि व्यसन, दोन्ही वि आणि अस् म्हणजे फेकणं यावरून. तेव्हा आजींना व्यसन आहे असं कुणी घरात म्हणालं तर फार मनाला लावून घेऊ नका.

वह्या अकारविल्हे लावणार असशील तर ळ चं पान रिकामं राहील, ळ ने सुरू होणारा शब्द आपल्याकडे नाही. त्या पानावर आजींच्याच अक्षरात काल-काळ, मोल-मूळ लिहून घे, आणि आणखी जोड्या त्यांना आठवल्या तर मला कळव, मला सरांना पाठवायच्यात.