वाढीव खोली आधी, ट्रॉल्या दोन वर्षांनी

ताई, आधी तुमचे आकडे मांडतो. साताऱ्यात बैठं घर, मागे ३०० स्क्वेअर फूट वाढवून सासूबाईंना खोली, अटॅच बाथरूम आणि किचन मोठं करायचंय. कॉन्ट्रॅक्टरने फुटाला २,३०० रुपयांनी ६.९० लाख सांगितलेत, मॉड्युलर किचनवाल्याने ४.२५ लाख. त्यासाठी ६ लाखांची एफडी सगळी मोडायची, ५ लाखांचं पर्सनल लोन काढायचं आणि एप्रिलात काम सुरू करायचं असं चाललंय. दोघांचा मिळून हातात पगार ८८ हजार, त्यातून होम लोनचा हप्ता १९ हजार, घरखर्च ४५ हजार आणि लेकीची एसआयपी ८ हजार गेली की १६ हजार उरतात.

खोली नक्की बांधा. सासूबाईंनी गुडघे धरून रात्री अंगणातून बाथरूमला जाणं या वयात धोक्याचंच आहे आणि हा खर्च पुढे ढकलत राहण्यासारखा नाही. पण खोली आणि मॉड्युलर किचन एकाच दमात, तेही एफडी रिकामी करून आणि पर्सनल लोनवर, हे मला अजिबात पटत नाही.

एकतर तुमचा ११.१५ लाखांचा आकडाच अपुरा आहे. किचनवाल्याच्या कोटेशनखाली बारीक अक्षरात 'जीएसटी एक्स्ट्रा' लिहिलंय बघा, १८ टक्क्यांनी ते ७६,५०० होतात. शिवाय जुनी भिंत फोडणं, राडारोडा उचलणं, नकाशा आणि परवानगीची फी, जुन्या नव्या स्लॅबच्या जोडावर वॉटरप्रूफिंग, यातलं काहीच फुटाच्या रेटमध्ये धरलेलं दिसत नाही. तो जोड नीट झाला नाही तर पहिल्याच पावसात खोलीत ओल येते आणि सातारचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू. एक लाख तरी वेगळे काढून ठेवा, म्हणजे सगळं मिळून १३ लाखांच्या घरात जातं.

आता किचनचं. जे एकदा भिंतीत किंवा फरशीखाली गेलं की परत फोडावं लागेल ते सगळं आत्ताच आणि चांगलं करून घ्या: ओटा, सिंक, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी, ओव्हन नि चिमणीचे पॉइंट, टाइल्स. याला साधारण १.१० लाख धरा. ट्रॉल्या, शटर, टॉल युनिट म्हणजे उंच कपाट हे नंतर कधीही बसतं, माप बदललं तरी बसतं, त्यासाठी कर्ज काढायचं कारणच नाही. आणि घ्याल तेव्हा सिंकखाली आयएस ७१० मार्क असलेला बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायवूडच हवा असं कोटेशनवर लिहून घ्या, एमडीएफ म्हणजे लाकडाच्या लगद्याचा बोर्ड पाण्याने फुगतो.

एप्रिलचा हट्ट सोडा असं मी म्हणेन. नगरपालिकेची परवानगी अजून हातात नाही, मंजूर नकाशा नसेल तर बँक बांधकामाला कर्ज द्यायला का कू करते, आणि काम लांबलं तर जूनमध्ये घर उघडं पडतं. दिवाळीनंतर सुरू करा. तोवर सहा महिने १६ हजार साठले तर ९६ हजार होतात. सासूबाईंसाठी आत्ता कमोड खुर्ची आणि बाथरूममध्ये पकडायला हँडल लगेच बसवा, काही हजारांत होतं.

मग हिशोब असा: बांधकाम ६.९०, किचनचं बेसिक १.१०, राखीव १ लाख, एकूण ९ लाख. त्यातले ३ लाख एफडीतून, साधारण १ लाख साठलेले, आणि ५ लाखांचं टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, चालू होम लोनवरच. उरलेली ३ लाखांची एफडी म्हणजे चार महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते, तिला हात लावायचा नाही. पर्सनल लोन समजा १३ टक्क्यांनी ५ वर्षांचं घेतलं तर हप्ता ११,३७७ आणि एकूण व्याज १.८३ लाख, तेच टॉप-अप ९ टक्क्यांनी ७ वर्षांचं घेतलं तर हप्ता ८,०४५ आणि व्याज १.७६ लाख, म्हणजे दोन वर्षं जास्त घेऊनही व्याज कमीच. फ्लोटिंग म्हणजे बदलता रेट असेल तर बोनस आला की मधेच फेडा, दंड लागत नाही. टॅक्स वाचेल म्हणून मात्र कर्ज वाढवू नका, इन्कम टॅक्सच्या नवीन पद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाहीये.

हप्ता जाऊन ८ हजार उरतील, त्यांची आरडी लावा, दोन वर्षांत व्याज धरून दोन लाखांच्या आसपास जमतात आणि तेवढ्यात बसतील त्या ट्रॉल्या रोखीने येतील. एसआयपी थांबवू नका, लेक नववीत आहे, तिच्या कॉलेजचे पैसे आहेत ते.

कॉन्ट्रॅक्टरला पैसे प्लिंथ (जोतं), स्लॅब, प्लास्टर, फिनिशिंग असे टप्प्याने द्या आणि शेवटचे १० टक्के एक पावसाळा गेल्यावर, हे कामाआधीच कागदावर घ्या, तो नाही म्हणाला तर दुसरा बघा. आणि बँकेत टॉप-अपच्या कागदांमध्ये इन्शुरन्सचा हप्ता कर्जाच्या रकमेत घातलाय का ते सही करायच्या आधी बघा, घातला असेल तर काढायला सांगा, तो सक्तीचा नसतो.