पांढऱ्या शिरांची काटेरी पानं आणि पिवळी फुलं असलेलं हे रोप कोणतं?

बांधकामानंतर मोकळ्या राहिलेल्या जागेत गुडघाभर उंचीची काटेरी रोपं उगवली आहेत, पानं निळसर हिरवी, त्यावर पांढऱ्या रेघा, फुलं पिवळीधमक. कोणी रानकरडई सांगतं, कोणी भुईरिंगणी. हे तुमचं वर्णन वाचल्यावर माझं उत्तर एकच: हा पिवळा धोत्रा. काही जण त्याला काटेधोत्रा म्हणतात. शास्त्रीय नाव आर्जिमोनी मेक्सिकाना.

खात्री करायची तर फोटोपेक्षा सोपा मार्ग आहे. हातमोजा घालून एक पान बुडापाशी मोडा. मोडल्या जागी पिवळा चीक आला, तर ना ती करडई, ना भुईरिंगणी. भुईरिंगणी जमिनीलगत पसरते आणि तिची फुलं जांभळी असतात. करडईचं फूल म्हणजे काटेरी बोंडातून वर आलेला झुपका. पिवळ्या धोत्र्याच्या फुलाला मात्र सुट्या, रेशमासारख्या पातळ पाकळ्या असतात, बहुधा सहा, आणि मधोमध पुंकेसरांच्या गर्दीत गडद लाल रंगाचा स्त्रीकेसराचा माथा उठून दिसतो. पानांना वेगळा देठ नसतो, ती खोडालाच बिलगलेली असतात. नावात धोत्रा असला तरी साध्या, कर्ण्यासारख्या फुलांच्या धोत्र्याशी त्याचं काही नातं नाही. तो खसखशीच्या कुळातला आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हे मुळात कुठलं. मूळ घर मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा अमेरिकेचा उष्ण भाग. तिथून माणसाबरोबर ते जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरलं. पण देश सांगितल्याने निम्मंच उत्तर होतं. ते कोणत्या जमिनीत राहतं, हे कळल्याशिवाय तुमच्याच जागेत ते का आलं हे समजणार नाही. या झाडाला मोडलेली, उघडी पडलेली जमीन लागते. पूर ओसरल्यावर उरलेला नदीकाठचा गाळ आणि वाळू, पडीक शेत, रस्त्याची कडा, रेल्वेरुळांची बाजू, विटामातीचे ढिगारे. ऊन भरपूर आणि शेजारी दाट गवत नाही, एवढं त्याला पुरतं. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे कोरड्या, मुरमाड जमिनीतही ते तग धरतं. आपल्याकडे पावसाळा संपून हवा थंड व्हायला लागली की त्याची रोपं दिसू लागतात, म्हणूनच गहू-हरभऱ्याच्या शेतात ते रब्बीचं तण म्हणून त्रास देतं. काट्यांमुळे आणि कडू चिकामुळे गुरं त्याला तोंड लावत नाहीत. आजूबाजूचं गवत चरलं जातं आणि याला आणखी जागा मिळते. घनदाट जंगलात, सावलीत ते तुम्हाला भेटायचं नाही. तुमची जागा बांधकामात उकरली गेली, वरचं गवत गेलं, आणि त्याला हवं तसं घर तयार झालं.

खरी काळजी घ्यायची ती बियांची. काटेरी, लांबट बोंड वाळलं की टोकाकडून फुटतं आणि आतून शेकडो काळपट बिया सांडतात. त्या आकाराने मोहरीसारख्याच. मोहरीत मिसळून त्यांचं तेल निघालं तर त्यातल्या सँग्विनारिन या विषारी द्रव्यामुळे केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, सैल होतात आणि त्यातून द्रव बाहेर पाझरतो. दोन्ही पाय सुजतात, धाप लागते, हृदय कमजोर होतं, काहींच्या डोळ्यांत काचबिंदू होतो. 1998 साली दिल्लीत अशाच भेसळीच्या मोहरीच्या तेलाने मोठी साथ आली होती आणि 60 हून अधिक माणसं दगावली. म्हणून मी कळकळीने सांगतो, घरात मोहरी आणि जवळ हे झाड असेल तर बिया नीट ओळखायला शिका. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो आणि चिरडला की आत पिवळा दिसतो. याचं बी खरखरीत, भिंगाखाली जाळीदार, आणि आतून पांढरं.

चीक डोळ्यांत घालावा, त्वचारोगावर लावावा असे सल्ले तुम्हाला मिळतील. डोळ्यांत तर मुळीच घालू नका. पोटात घ्यायचे काढे घरी करू नका.

काढून टाकायचं असेल तर फूल दिसताच, बोंड धरण्याआधी काढा. जाड हातमोजे घाला, माती ओली असताना सोटमुळासकट उपटा. नुसतं वरून छाटलं तर बुडातून पुन्हा फुटू शकतं. बोंडं धरली असतील तर ती कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, वेगळी पिशवीत भरून नष्ट करा. एकदा सांडलेलं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यातही त्या जागेकडे लक्ष ठेवावं लागेल. उघडी जमीन तशीच ठेवू नका, तिथे गवत किंवा दाट वाढणारं काहीतरी लावून टाका. झाकलेल्या जमिनीत या रोपाला उगवायला फारशी संधी मिळत नाही.