महिला आरक्षणासाठी राजकीय आयुष्य वेचलेली खासदार कोण?

माझ्या मते गीता मुखर्जी. आपल्याकडे मृणाल गोरे, प्रमिला दंडवते लगेच आठवतात, गीताबाई फारशा नाही.

भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या या बंगाली नेत्या विद्यार्थी चळवळीतून आल्या. 1967 पासून दहाएक वर्षं आमदार, मग 1980 पासून पांशकुडा मतदारसंघातून सलग सात वेळा खासदार. (सात वेळा! तरी नाव कुणाला माहीत नाही.)

सप्टेंबर 1996 मध्ये देवेगौडा सरकारने लोकसभा-विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा देणारं विधेयक आणलं. ते संयुक्त समितीकडे गेलं आणि अध्यक्ष झाल्या गीताबाई. अशा समित्या विषय थंड बस्त्यात टाकायलाच असतात, पण यांनी डिसेंबरातच अहवाल दिला. राज्यसभा आणि विधान परिषदांतही आरक्षणाचा मार्ग शोधा, असंही त्यात सुचवलं. विधेयकावर लक्ष राहावं म्हणून त्यांनी गुजराल सरकारातलं मंत्रिपद नाकारलं, असं सांगतात.

मार्च 2000 मध्ये त्या गेल्या, तेव्हा विधेयक लटकलेलंच होतं. घटनादुरुस्ती अखेर 2023 मध्ये मंजूर झाली. तीही जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेच्या अटीवर.